जी-प्रथिनाचा अल्फा आणि पेशीतला निरोप: कॉलरा, डांग्या खोकला आणि एक आर्जिनिन

शर्वरी_जैव

ॲड्रिनॅलिन रक्तात उतरलं की हृदयाचे ठोके जोरकस होतात, श्वासनलिका रुंदावतात, कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणं मंदावतं. रेणू एकच, परिणाम चार. याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'प्रत्येक ठिकाणी रिसेप्टर (पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन) वेगळा'. ते खरंच आहे, पण मला कायम अर्धवट वाटत आलंय. कारण हे सगळे रिसेप्टर एकाच घडणीचे: पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी आणि बाहेरच्या अंगाला ॲड्रिनॅलिन बसायची खोबण. नुसत्या बाहेरच्या बाजूकडे बघून पेशीत पुढे काय घडणार ते सांगता येत नाही. ते ठरतं आतल्या बाजूला, तिथे कोणतं जी-प्रथिन (रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन) येऊन टेकतं त्यावर. या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून धागा काढतेय.

आधी यंत्रणा. जी-प्रथिनाचे तीन सबयुनिट (उपघटक) असतात: अल्फा, बीटा, गॅमा. (रिसेप्टरांच्या नावातही अल्फा-१, बीटा-२ असं येतं, त्याचा या सबयुनिटशी काही संबंध नाही.) निवांत असताना अल्फा सबयुनिटमध्ये जीडीपी नावाचा छोटा रेणू अडकलेला असतो आणि बीटा-गॅमाची जोडी त्याला चिकटून असते. रिसेप्टरवर हार्मोन बसलं की त्याचा आतला भाग उघडतो, अल्फाचं शेवटचं टोक त्या फटीत शिरतं आणि अल्फाची जीडीपीवरची पकड सुटते. पेशीत जीटीपी (जीडीपीचाच एक फॉस्फेट जास्त असलेला भाऊ) मुबलक, त्यामुळे रिकाम्या जागी तोच येऊन बसतो. मग अल्फा बीटा-गॅमापासून सुटतो आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. २०११ साली ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने बीटा-२ रिसेप्टर आणि जी-प्रथिन एकमेकांना धरून असतानाची रचना स्फटिकात पकडली. त्यात अल्फाचे दोन भाग एकमेकांपासून इतके दूर उघडलेले दिसतात की जीडीपी कुठून निसटला असेल ते नुसत्या चित्रावरून कळतं. पुढच्याच वर्षी त्यांना आणि रॉबर्ट लेफकोविट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बंद व्हायची सोयही अल्फातच आहे. जिन्यातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो, तसा अल्फा स्वतःच जीटीपी तोडून जीडीपी करतो आणि बीटा-गॅमा पुन्हा येऊन चिकटतात.

माणसात अल्फाची १६ जनुकं, बीटाची ५ आणि गॅमाची १२. अल्फाची घराणी चार. जीएस अडिनायलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालना देतो आणि पेशीत सायक्लिक एएमपी (आत निरोप पसरवणारा छोटा रेणू) वाढतं. जीआय त्याच विकराला आवरतो. जीक्यू फॉस्फोलायपेज-सी हे विकर जागं करतो, त्यातून पेशीच्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. चौथं घराणं जी-१२/१३, ते मुख्यतः पेशीच्या सांगाड्याकडे बघतं. आता वरचं कोडं सुटतं. हृदयातला बीटा-१ आणि श्वासनलिकेतला बीटा-२ जीएसशी जोडलेले, रक्तवाहिन्यांतला अल्फा-१ जीक्यूशी, स्वादुपिंडातला अल्फा-२ जीआयशी.

या प्रथिनांच्या शोधासाठी मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं. पण त्या इतिहासात दोन जिवाणूंचा जेवढा वाटा आहे तेवढा क्वचितच सांगितला जातो, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. तो वरच राहतो आणि एक विष सोडतो. हे विष पेशीत शिरून जीएसच्या अल्फा सबयुनिटवर एका नेमक्या जागी, साखळीतल्या २०१ व्या क्रमांकाच्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर, एडीपी-रायबोज नावाचा तुकडा चिकटवतं. जीटीपी तोडण्यासाठी अल्फाला हेच आर्जिनिन लागतं. ते अडलं की अल्फाला बंदच होता येत नाही. सायक्लिक एएमपी वाढत जातं, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात, मीठ आतड्याच्या पोकळीत जातं आणि त्यामागोमाग पाणी. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होतात ते यामुळे. इथे रिसेप्टरचा काहीच हात नाही. कोणतंही हार्मोन आलेलं नसताना पेशीला मात्र आदेश मिळाल्यासारखं होतं.

कॉलऱ्याचं असं स्वतंत्र विष असतं हे प्रयोगाने दाखवलं ते कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. जिवाणू पूर्ण गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला तरी तो तुकडा पाण्याने फुगतो, हा त्यांचा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये आला. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये त्याच शहरात कॉलऱ्याच्या जिवाणूवर काम केलं होतं आणि विषाची शंका घेतली होती. शंका ते पुरावा यात पाऊणशे वर्षं गेली. डे यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डांग्या खोकल्याच्या विषाबद्दल प्रतिसादांत लिहिते.

रानपाखरू

खूप छान लिहिलंयस शर्वरी. एक शंका. अल्फा बंदच होत नसेल तर कॉलऱ्यात मीठ-साखरेचं पाणी कसं काय उपयोगी पडतं? आतड्यातून पाणी बाहेरच जात असेल तर वरून दिलेलंही वाहूनच जायला हवं ना?

शर्वरी_जैव

@रानपाखरू, प्रश्न अगदी मर्मावर आहे. सायक्लिक एएमपीमुळे दोन गोष्टी बिघडतात: क्लोराइड बाहेर पडत राहतं, आणि मीठ आत घेण्याचा नेहमीचा मार्ग मंदावतो. पण त्याच पेशीत मीठ आत घेणारं दुसरं दार आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीने आत घेतं. या दाराला सायक्लिक एएमपीची बाधा होत नाही. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही, साखर लागतेच, आणि दोन्हींचं प्रमाण जुळावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये सोडियम आणि ग्लुकोज लिटरमागे ७५-७५ मिलिमोल असतात ते याच कारणाने.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडाने दिलं. अल्फा अडकलेला तसाच राहतो. आतड्याच्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात, तोवर माणसाच्या शरीरात पाणी टिकवायचं, एवढंच करावं लागतं.

डॉक्टर_वाई

उत्तम धागा. मी बालरोगतज्ज्ञ आहे, डांग्या खोकल्याबद्दल थोडी भर घालतो.

लहान बाळाला धाप लागेपर्यंत खोकल्याची उबळ येते आणि रक्त तपासलं तर लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरमसाट वाढलेल्या दिसतात. जिवाणूंच्या बहुतेक संसर्गांत वाढतात त्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इथे मात्र लिम्फोसाइट. शिकताना आम्ही हे लक्षण म्हणून पाठ केलं होतं. कारण कळलं ते नंतर. लिम्फोसाइटना रक्तातून बाहेर पडून लसीका-गाठींत शिरायचं तर केमोकाइनच्या (पेशींना वाट दाखवणाऱ्या रेणूंच्या) रिसेप्टरांचा इशारा लागतो, आणि हे रिसेप्टर जीआयमार्फत बोलतात. डांग्या खोकल्याचं विष नेमका जीआय निकामी करतं. त्यामुळे लिम्फोसाइट रक्तातच अडकून राहतात, त्यांना वाटच सापडत नाही. तान्ह्या बाळांत ही संख्या फार वाढली तर फुप्फुसाच्या रक्ताभिसरणावर ताण येतो आणि जीव धोक्यात येतो.

जाता जाता पालकांसाठी: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी वेळेवर द्या. हा आजार सगळ्यात वाईट वागतो तो पहिल्या काही महिन्यांतल्या बाळांशी.

शर्वरी_जैव

आभार डॉक्टर, तुम्ही माझं अर्धं काम केलंत.

हे विषही एडीपी-रायबोजच चिकटवतं, पण जीआयच्या अल्फावर, त्याच्या शेवटच्या टोकापासून चौथ्या असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर. वर लिहिलं होतं की अल्फाचं शेवटचं टोक रिसेप्टरच्या फटीत शिरतं. त्या टोकावरच अडसर बसला की रिसेप्टर कितीही उघडो, जीआयपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे एक विष अल्फाला चालू स्थितीत गोठवतं आणि दुसरं बंद स्थितीत. गंमत ही की दोन्हींमुळे सायक्लिक एएमपी वाढू शकतं. पहिल्यात चालना थांबत नाही म्हणून, दुसऱ्यात आवर घालणारा उरत नाही म्हणून.

जपानमध्ये मिचिओ उई आणि तोशिआकी कातादा या विषाकडे वळले ते स्वादुपिंडाच्या वाटेने. विष दिलेल्या प्राण्यांत इन्शुलिन जास्त सुटतं हे दिसलं म्हणून त्यांनी त्याला 'आयलेट-ॲक्टिव्हेटिंग प्रोटीन' असं नाव दिलं होतं. ॲड्रिनॅलिन अल्फा-२ रिसेप्टर आणि जीआयमार्फत इन्शुलिन अडवतं, ते अडवणं विषामुळे थांबत होतं. १९८२ च्या सुमाराला त्यांनी विषाचं लक्ष्य शोधून काढलं, आणि सायक्लेजला आवरणारं एक वेगळं जी-प्रथिन आहे हे ठरलं.

आजही एखादा नवा रिसेप्टर कोणत्या अल्फाशी जोडलेला आहे हे बघायचं तर प्रयोगशाळेत आधी पेशींना हे विष देतात. संदेश थांबला तर जीआय घराणं, चालू राहिला तर दुसरं कुणीतरी. कॉलऱ्याच्या विषाचा उपयोगही असाच झाला: किरणोत्सारी खूण असलेला तुकडा त्याच्याकरवी चिकटवून घेतला की पटलातल्या हजारो प्रथिनांतून जीएसचा अल्फा वेगळा ओळखता येतो.

सुलभा_सांगली

मला यातलं रसायन सगळं कळलं असं नाही, पण नेटाने वाचलं. मला जुना दमा आहे, साल्ब्युटामॉलचा पंप वापरते. पंप जास्त वेळा घेतला की छातीत धडधडतं आणि हात थरथरतात. मध्यंतरी काचबिंदूसाठी थेंब सुरू करायचे होते तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी दमा आहे का असं आवर्जून विचारलं. डोळ्याच्या थेंबांचा दम्याशी काय संबंध, ते इथे कुणी सांगेल का?

मंदार७९

सुलभाताई, मी औषधनिर्मितीत आहे, सांगायचा प्रयत्न करतो.

साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या बीटा-२ रिसेप्टरवर बसतं. तिथून जीएस, सायक्लिक एएमपी, आणि स्नायू सैल. हेच बीटा-२ हाता-पायांच्या स्नायूंतही आहेत, म्हणून थरथर. हृदयात बीटा-१ जास्त असले तरी बीटा-२ सुद्धा थोडे असतातच, शिवाय रक्तवाहिन्या सैलावल्याने हृदय वेग वाढवतं, म्हणून धडधड.

काचबिंदूच्या थेंबांत टिमोलॉल असेल तर ते बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातो. श्वासनलिकेतला बीटा-२ अडला की दमा उसळू शकतो, एवढ्याशा थेंबानेसुद्धा. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं ते फार योग्य केलं. रक्तदाबाच्या गोळ्यांतही प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना टाळतात. तुम्ही दुसरं कोणतंही औषध सुरू करताना दम्याचं आधी सांगत जा.

आता शर्वरींच्या मुद्द्याला जोडून. हृदयातही जीएस आणि श्वासनलिकेतही जीएस, तरी एका ठिकाणी स्नायू जोराने आकुंचन पावतो आणि दुसरीकडे सैल पडतो. म्हणजे अल्फाचं नाव कळलं तरी पेशीत पुढे कोण बसलंय ते बघावंच लागतं. हृदयाच्या पेशीत सायक्लिक एएमपीमुळे प्रत्येक ठोक्याला जास्त कॅल्शियम आत येतं. श्वासनलिकेच्या स्नायूत तेच सायक्लिक एएमपी आकुंचनाची यंत्रणा ढिली करतं. त्याच श्वासनलिकेला आकसवणारा रिसेप्टर एम-३, तो जीक्यूवाला. टायोट्रोपियमचा पंप त्याला अडवतो. दम्याच्या दोन पंपांची दोन तऱ्हांची कामं अशी दोन अल्फांवर वाटली गेली आहेत.

सुलभा_सांगली

मंदार, खूप खूप आभार. इतक्या वर्षांत हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं.

अभिजित_र

सगळी चर्चा अल्फाभोवती चाललीय. आम्हाला शिकवलं होतं की बीटा-गॅमा म्हणजे अल्फाला पटलाशी धरून ठेवणारा आणि गप्प बसवणारा भाग, स्वतःचं काम काही नाही. ते अजून तसंच मानतात का?

शर्वरी_जैव

नाही, आणि तो बदल व्हायला बराच वाद झाला. १९८७ मध्ये डेव्हिड क्लॅफम आणि इव्हा नीर यांच्या गटांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की शुद्ध केलेली बीटा-गॅमाची जोडी हृदयाच्या पेशीच्या पटलाला आतून लावली की पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात. त्याआधी, आणि त्यानंतरही काही वर्षं, दुसऱ्या गटांचं म्हणणं होतं की हे काम अल्फाचंच आहे, बीटा-गॅमाच्या द्रावणात काहीतरी भेसळ असणार. पुढे वाहिन्यांची जनुकं हाती आली, बीटा-गॅमा थेट वाहिनीला धरतो हे दिसलं आणि वाद मिटला.

या वाहिन्यांचा इतिहास त्याहून जुना आहे. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेता (मज्जातंतू) उत्तेजित केली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. दुसरंही मंदावलं. तो द्रव्याचा निरोप म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते हृदयात एम-२ रिसेप्टरवर बसतं, तिथे जीआय आहे, आणि ठोका मंदावण्याचं झटपट काम करतो तो जीआयपासून सुटलेला बीटा-गॅमा. मॉर्फिनचंही बरंचसं असंच. वेदनेच्या चेतापेशीत बीटा-गॅमा पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो आणि कॅल्शियमच्या काही वाहिन्या मिटवतो, त्यामुळे पेशी पुढे निरोप देईनाशी होते.

आणखी एक. रिसेप्टर फार वेळ चालू राहिला तर त्याला आवरणारं जीआरके-२ नावाचं विकर पटलाकडे ओढून आणतो तोही बीटा-गॅमाच. सुलभाताईंचा पंप वारंवार घेतल्यावर थोडा कमी लागू पडतो, त्यात याचा हात आहे. मला बीटा-गॅमाबद्दल विशेष आपुलकी आहे, कारण इतकी वर्षं त्याला नुसता सोबती समजलं गेलं.

उत्तरध्रुव

शर्वरी, मंदार यांच्या मुद्द्याला जोडून. मी युरोपात पेशींच्या सूक्ष्मदर्शक चित्रणावर काम करतो. आमच्याकडे गेली काही वर्षं 'कोणता अल्फा' याच्या जोडीने 'कुठे' हा प्रश्न आहे. पूर्वी समज होता की रिसेप्टर पेशीच्या आत ओढला गेला की निरोप संपला. २००९ मध्ये थायरॉइडला चालना देणारा टीएसएच रिसेप्टर आणि पॅराथायरॉइडचा पीटीएच रिसेप्टर, दोन्हींबद्दल वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की आत गेल्यावरही सायक्लिक एएमपी तयार होत राहतं. २०१३ मध्ये मार्क फॉन झास्ट्रो यांच्या गटाने चमकणाऱ्या नॅनोबॉडी (प्रतिपिंडाचे छोटे तुकडे) वापरून चालू स्थितीतला बीटा-२ रिसेप्टर आणि जीएस एंडोसोमवर (पेशीच्या आतल्या पिशव्यांवर) प्रत्यक्ष दाखवले. तो चमकणारा ठिपका पडद्यावर बघताना आजही अंगावर काटा येतो.

रानपाखरू

आता मूळ लेखातलं २०१ क्रमांकाचं आर्जिनिन डोक्यातून जात नाहीये. विषाने नव्हे, पण जनुकातच ते बदललेलं असेल तर? मूल कायम कॉलरा झाल्यासारखं जन्मेल का?

डॉक्टर_वाई

असा आजार आहे. मक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम. जीएसच्या अल्फाचं जनुक जीएनएएस, आणि त्यात बिघाड होतो तो बहुतेक वेळा याच २०१ व्या आर्जिनिनच्या जागी. पण तो आईवडिलांकडून येत नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात एखाद्या पेशीत घडतो आणि तिच्या वंशजांपुरता राहतो. सगळ्याच पेशींत असता तर गर्भ टिकला नसता, असं मानलं जातं. त्यामुळे कोणत्या अवयवात बिघडलेल्या पेशी गेल्या त्यावर लक्षणं ठरतात. कातडीवर वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग, हाडाच्या जागी तंतुमय ऊती आणि त्यामुळे मोडणारी हाडं, मुलींत अगदी लहान वयात येणारी पाळी. अंडाशयाला वाटत असतं की मेंदूकडून हार्मोन आलंय, आणि मेंदूने तर काहीच पाठवलेलं नसतं.

पालकांना मी हेच सांगतो की गरोदरपणात तुम्ही काही केलं किंवा चुकवलं म्हणून हे झालेलं नाही. त्यांना ते ऐकण्याची फार गरज असते.

शर्वरी_जैव

पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) एकाच पेशीत मोठेपणी हाच बदल झाला तर वाढीचं हार्मोन सुटत राहतं. ॲक्रोमेगाली (मोठेपणी हातपाय आणि चेहरा वाढत जाण्याचा आजार) होणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच गाठींत हा बिघाड सापडतो.

उलट बाजूही आहे. जीएनएएसची एक प्रत निकामी असेल आणि ती आईकडून आलेली असेल, तर पॅराथायरॉइड हार्मोन भरपूर असूनही मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. कारण मूत्रपिंडाच्या त्या भागात वडिलांकडून आलेली प्रत मुळातच जवळपास मिटलेली असते. फुलर अल्ब्राइट यांनी १९४२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा हार्मोन पोचतंय पण ऐकलं जात नाही, ही कल्पनाच नवी होती. जी-प्रथिनं सापडायला अजून कित्येक वर्षं होती.

आता जीक्यूकडे. त्याच्या अल्फात हेच आर्जिनिन १८३ क्रमांकावर येतं. चेहऱ्यावर जन्मतः असणारा मोठा लालसर-जांभळा डाग आणि कधी त्याच्या जोडीने मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा दोष, फिट्स, काचबिंदू, म्हणजे स्टर्ज-वेबर सिंड्रोम. २०१३ मध्ये त्याचं मूळ सापडलं, ते नेमकं तिथेच. एक आर्जिनिन जीएसमध्ये बिघडलं तर हाडं आणि ग्रंथी, जीक्यूमध्ये बिघडलं तर रक्तवाहिन्या. आणि जीक्यू किंवा त्याच्या जवळच्या जी-११ मध्ये २०९ क्रमांकाचं ग्लुटामिन बदललं, तर डोळ्याच्या आतल्या रंगीत थराचा कर्करोग. त्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत या दोनपैकी एका अल्फात बदल असतोच.

मंदार७९

यावर औषध शोधणं अवघड का, तेही सांगून ठेवतो. रिसेप्टर अडवणारी औषधं ढिगाने आहेत, कारण खोबण बाहेर आहे. पण अल्फा स्वतःच अडकला असेल तर रिसेप्टर अडवून काहीच उपयोग नाही. औषधाला पेशीत शिरून एकाच घराण्याच्या अल्फाला धरावं लागेल, आणि तो अल्फा शरीरभर इतर कामांतही असतो. जीक्यूसाठी असे दोन नैसर्गिक रेणू माहीत आहेत. त्यातला एफआर९००३५९ हा आर्डिसिया क्रेनाटा या लाल फळांच्या शोभेच्या झुडपातून मिळाला. तो अल्फाला जीडीपी सोडूच देत नाही. प्रयोगशाळेत डोळ्याच्या कर्करोगाच्या पेशींवर तो काम करतो, पण रक्तदाब घसरवतो, कारण रक्तवाहिन्यांनाही जीक्यू लागतो. त्यामुळे सध्या माणसांवरच्या चाचण्यांत जास्त भर आहे तो जीक्यूच्या खालच्या पायऱ्यांवर, उदाहरणार्थ प्रोटीन कायनेज-सी हे विकर अडवण्यावर.

रानपाखरू

माझ्या भाच्याच्या कपाळावर आणि पापणीवर तसा डाग आहे, जन्मापासून. अजून तरी फिट वगैरे काही नाही. डॉक्टर, काय बघायला हवं?

डॉक्टर_वाई

@रानपाखरू, असे डाग असलेल्या बऱ्याच मुलांत बिघाड कातडीपुरताच राहतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर दोन गोष्टी कराच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आत्ता तपासून घ्या आणि पुढेही नियमित तपासत राहा, कारण काचबिंदू दुखण्याशिवाय सुरू होतो. आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या केंद्रात एकदा दाखवा, एमआरआय कधी करायचा ते तेच ठरवतील. हाताला किंवा पायाला एका बाजूला झटके आले, मूल अचानक एकटक बघत राहिलं, तर वाट न बघता दवाखान्यात न्या. वय किती आहे त्याचं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जवळपास कुठे दाखवता येईल ते सांगतो.